राजनांदगावचा तारा

मैदान आखायच्या फक्कीवर पहिला हक्क पी.टी.च्या मास्तरचा असतो, हे मी शहारे मॅडमना किती वेळा सांगितलं असेल! त्या "हो ना भोयर सर, बरोबर आहे तुमचं" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोतं अर्धं झालेलं असायचं. एकदा तालुक्याच्या सामन्यांच्या तोंडावर मी सकाळी शाळेत येऊन पाहतो तर माझ्या कबड्डीच्या मैदानावर एक भलंमोठं लांबुळकं वांगं आखलेलं. त्याच्या आत चौकोन, चौकोनात गोल, गोलात 'विहीर', 'गोठा', 'दवाखाना' असं लिहिलेलं. माझं डोकंच सणकलं.

"हे काय आहे मॅडम?"

"जहाज आहे सर. दुसऱ्या ताऱ्यावर जाच्या आहे आम्हाले."

"मग जा ना! माझ्या मैदानावरून काहून जाता?"

त्या हसल्या. हसताना चष्मा नाकावरून घसरायचा, तो त्या मनगटानं वर ढकलायच्या, कारण बोटं कायम खडूनं किंवा फक्कीनं माखलेली. त्या हसण्यापुढे मी कितीदा हात टेकले, त्याचा हिशोब नाही.

आमची शाळा पवनीकडच्या एका नव्या गावठाणातली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव इकडे आणून वसवलेलं. सरळ रस्ते, रांगेत घरं, आणि जुनी शेजारीण आता तीन गल्ल्या सोडून. मी मूळचा आंधळगावचा, बदलीनं आलेला, म्हणजे या भानगडीत पाहुणाच. मॅडम मात्र त्याच जुन्या गावच्या. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायच्या. नवरा लवकर गेला, एकुलती लेक राजनांदगावला दिलेली, आणि म्हातारी आई. एवढंच त्यांचं घरचं मला ठाऊक होतं, आणि एवढंच पुरेसं आहे. बाकी बाई तिच्या बोलण्यात सापडायची.

बोलणं म्हणजे काय, तर एक वाक्य. कोणी "मॅडम, हे नाही जमत" म्हटलं, मग तो भागाकार असो की शाळेचा बिघडलेला पंप, त्या लगेच बोट उचलायच्या. "जमत नाही नाही म्हणायचं. लांब आहे म्हणायचं." पोरांना ते इतकं पाठ झालं होतं की पायल नावाची माझी कबड्डीची कप्तान हरल्यावर मला म्हणाली, "सर, कप लांब हाय." मी तिला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या.

आणि गंमत पाहा, ताऱ्यांपर्यंत जाण्याच्या गोष्टी करणारी ही बाई स्कूटी चालवायची बैलबंडीच्या चालीनं. सरळ मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवत. मागून सायकलवाला पोरगा पुढे निघून जायचा. मी चिडवायचो, "मॅडम, या स्पीडनं तारा गाठणार का तुम्ही?" त्या शांतपणे म्हणायच्या, "मी नाही गाठणार सर. मी निघालेली आहे फक्त."

तारा किती लांब, हे त्यांनी आम्हाला लाखोरीच्या दाण्यानं शिकवलं. लाखोरी म्हणजे लाखेची डाळ; ती आमच्याकडे धानामागून बांधीतच, म्हणजे भातखाचरातच, पेरतात, घराघरात असते. एक दिवस त्यांनी झेंड्याच्या खांबाखाली लाखोरीचा एक दाणा ठेवला आणि सगळ्या शाळेला भोवती उभं केलं. हा सूर्य. मग हातभर अंतरावर बोट टेकवलं. इथं पृथ्वी, पण ती शोधू नका, धुळीच्या कणाएवढी आहे. माणूस स्वतः आजवर चंद्रापर्यंत गेला, म्हणजे या मापानं तांदळाच्या जाडीएवढा सरकला. पोरं खो-खो हसली.

"आणि माणसानं पाठवलेलं सगळ्यात लांबचं यान? चला माझ्यामागं."

वरात निघाली. मैदान, सायकल स्टँड, गेट, आणि गेटाबाहेर दिगांबरचा पानठेला. मॅडमनी ठेल्याच्या फळीवर टिचकी मारली. "इथं. माझं लग्न व्हायच्या आधीपासून धावून राहिलं ते, आता इथपर्यंत आलं."

दिगांबर चुना लावता लावता थांबला. "म्याडम, एवढ्या लांबून आलं म्हन्ता, तं एक पान तं खाऊ द्या त्याले!"

"आणि तारा कुठं हाय मंग?" पायलनं विचारलं.

"सगळ्यात जवळचा?" मॅडमनी पूर्वेकडे हात केला. "राजनांदगावले."

कोणी हसलं नाही. झेंड्यापासून ठेला, आणि पुढे साकोली, देवरी, महाराष्ट्र संपून छत्तीसगड. पोरांनी रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. उजेडालासुद्धा तिथून यायला चार वर्षांवर लागतात म्हणे. नंतर स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "मॅडम, बरोबर लेकीच्या गावालाच कसा आला हो तारा?" त्या लाजल्या. आधी हरभरा घेऊन पाहिला होता त्यांनी, पण तारा रायपूरच्याही पुढे जात होता. मग एक एक दाणा मोजत लाखोरीवर आल्या, तेव्हा जुळलं. "मुक्काम आधी ठरवा सर, मग दाणा भेटते," असं वरून मलाच शिकवलं.

अडचणी त्या लपवायच्या नाहीत. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, एवढं विज्ञान पुढे गेलं तर मोठं इंजिन लावून का नाही जात? मॅडम म्हणाल्या, "सर, आपण बंडी घेऊन लांब निघालो. रस्त्यात कुठं चारा नाही. मग बैलाचं तणस बंडीतच भरावं लागते. तणसानं बंडी जड झाली, की आणखी बैल. त्या बैलायले आणखी तणस. शेवटी बंडीत तणसच तणस, माणसाले बसाले जागाच नाही." हेडमास्तर शेतकऱ्याचे, त्यांना झटकन कळलं. मग मॅडमनी दुसरा रस्ता सांगितला. चाराच न्यायचा नाही. पातळ शीड लावायचं आणि इथून उजेडाचा झोत मारून ते ढकलायचं. उजेडालाही रेटा असतो, थोडाच, पण असतो. छोटी यानं तशी जातील, एका माणसाच्या हयातीत पोहोचतीलही. माणसं न्यायची तर मात्र गावच न्यावं लागेल. दहा-बारा पिढ्या चालेल असं गाव. त्यातली माणसं म्हातारी होतील, मरतील, त्यांची नातवंडं, पणतवंडं पुढे नेतील.

"गाव हलवणं म्हणजे काय, हे आपल्याले ठाऊक आहे ना सर," त्या म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला लागल्या.

कारण त्यांच्या घरातच ते अडलेलं होतं. त्यांची माय, जाईबाई, जुन्या गावातून हलायला तयार नव्हती. गावाचा उंचावरचा एक तुकडा अजून पाण्याबाहेर होता. पाच-सात घरं, त्यातलं एक म्हातारीचं, आणि मागे धानाची एक बांधी. यंदा पाणी तिथवर चढणार, पावसाळ्याआधी घरं खाली करा, असं धरणवाले सांगून गेले होते. इकडे मॅडमनी मायसाठी खोली बांधली, खिडकी पूर्वेला ठेवली, बाज घेतली. दर रविवारी स्कूटीवरून जायच्या आणि एकट्याच परत यायच्या. सोमवारी मी विचारायचो, "काय म्हणते माय? नाही जमत?" त्या बोट उचलायच्या, पण आवाज बारीक असायचा. "लांब आहे अजून."

एकदा मी मोटरसायकलवर सोबत गेलो. मला वाटलं, आपण चार शब्द बोलू, म्हातारी ऐकेल. म्हातारी अंगणात सुपात धान निवडत बसलेली. मी पाच मिनिटं भाषण ठोकलं. तिनं ऐकून घेतलं, मला चहा दिला, आणि लेकीला म्हणाली, "ह्या मास्तरले कायले आनलं वो?" मग सुपातला दाणा बोटानं उलटा करत म्हणाली, "तिकडं येऊन मी काय करू? ना बांधी, ना चिखल. तू शाळेत जाशीन, मी निसती बसू? निसतं बसाले मानूस कायले पाहिजे?"

परत येताना मॅडमनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्या दिवशी मला त्या बाईची फार काळजी वाटली.

तर ते वांगं, म्हणजे जहाज. त्या दिवशी मॅडमनी पूर्ण शाळेलाच जहाजात घातलं. सहावी म्हणजे निघणारे, सातवी मधले, आठवी पोहोचणारे. प्रार्थनेनंतर सहावीनं निघायचं, सामान भरायचं, गावाला हात हलवायचा. मग त्यांनी म्हातारं होऊन कडेला बसायचं आणि सातवीनं जहाज सांभाळायचं. शेवटच्या तासाला आठवीनं नव्या ताऱ्याशी उतरायचं, झेंडा लावायचा. रेषेबाहेर पाय टाकला की मेला. हा नियम पोरांना फार आवडला. पाहायला म्हणून मॅडमनी मायलाही आणलं होतं, "नातवाएवढी पोरं जत्रा करून राहिली, एक दिवस ये" असं म्हणून. म्हातारी कडुनिंबाखाली खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती.

सहावी दणक्यात निघाली. काही पोरी तर खरंच रडल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर सातवी आत गेली आणि थोड्याच वेळात बंड झालं. पायल रेषेवर येऊन उभी राहिली.

"म्याडम, आमी नाई राहत यात."

"काहून गं?"

"सहावीले टाटा कराले भेटलं. आठवीले नवीन गाव भेटते. आमाले काय भेटते? निसतं बसाच्या?"

"तुमच्याशिवाय आठवी पोहोचेल कशी?"

"मंग आमी पूल हाव का, लोकायनं वरून जावाले?"

आणि ती बाहेर पडली. तिच्यामागे पूर्ण सातवी. मला काय, आनंदच झाला. मी खिशातून शिट्टी काढली, कबड्डी सुरू करावी म्हणून. पण मॅडमकडे पाहिलं आणि शिट्टी तोंडापर्यंत गेलीच नाही. त्या वांग्याच्या मधोमध उभ्या होत्या, हातात खडू, आणि त्यांचं ते नेहमीचं बोट वर गेलं नाही. इतक्या वर्षांत शाळेत असं मी पाहिलं नव्हतं. आदल्या रविवारी सुपासमोर झालेला तोच चेहरा.

तेवढ्यात कडुनिंबाखालून आवाज आला. "बाई, त्या बोरीत काय भरलं वो?"

जहाजाच्या कोपऱ्यात सहावीनं बारदानाची पोती रचली होती, वर पाटी, 'बियाणे. पोहोचल्यावर उघडणे.' एका पोरानं सांगितलं, "धान हाय आजी. दहा पिढ्यानं पेराचं."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "अवो बाप्पा! दोन पानकाळे ठेवलं तं उगवत नाई, अन् हे दहा पिढ्यानं उगवन म्हन्ते!"

"थंड जागी ठेवू माय," मॅडम म्हणाल्या. "बरफात. लय वर्सं टिकते मग."

"बीज टिकन. पेरनारा टिकन का?" म्हातारी खुर्चीवरून उतरली आणि सरळ रेषा तुडवत जहाजात शिरली. कोणाची तिला मेली म्हणायची हिंमत झाली नाही. "ज्यानं चिखल पाह्यला नाई, रोवाले धानाचे पऱ्हे उपटले नाई, तो तिकडं जाऊन काय बरफ पेरन? दरसाल पेरा लागते, दरसाल कापा लागते, त्यातलं चांगलं निवडून ठेवा लागते. तवा कुठं बीज बीज राह्यते."

पायल जवळ आली होती. "मंग ते कोन करन आजी? आमी?"

"तं कोन? हे निघाले ते म्हातारे झाले. ते पोचनारे तं जन्माले याचे हाय अजून. जहाज तुमचंच हाय पोरी. बाकीचे पाहुने."

मी पाहिलं, पायलनं पदर नसताना पदर खोचल्यासारखी ओढणीला गाठ मारली आणि आत गेली. सातवीनं पोती फोडली. मॅडमचं सगळं सामान अस्ताव्यस्त झालं. आठवीला त्या दिवशी उतरायला उशीर झाला, कारण सातवी जहाज सोडेचना.

पण मॅडमही काही कमी नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे मायला धरलं. "मग तूच सांग माय, इथं यायले पेरणं शिकवन कोण? ह्या पोट्ट्यायनं तं धान दुकानाच्या पाकिटातच पाह्यलं. मले चिखलात उभं राहता येते, बीज निवडता येत नाही. तू तिकडं बसशील तर तुहं बीज कोणाजवळ राहीन?"

म्हातारीनं पायलच्या हातातला एक दाणा उचलून बोटानं उलटा केला. मग इकडेतिकडे नजर फिरवत म्हणाली, "पन जागा कुठं हाय वो इथं?"

दोघी मायलेकी एकदमच वळल्या आणि माझ्या लांब उडीच्या खड्ड्याकडे पाहायला लागल्या.

"नाही!" मी ओरडलो. "अजिबात नाही! आधी फक्की, मग कबड्डी, आता उडीचा खड्डा? पोरांनी उड्या काय तुमच्या जहाजातून मारायच्या?" हेडमास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "भोयर, तुमचं म्हणणं योग्यच आहे," आणि मग स्वतःच घरून फावडं घेऊन आले. मीच खणला तो खड्डा. वाळू काढली, माती भरली, पाळ घातली. शिव्या देत खणला, पण खणला.

मृगाच्या आधी म्हातारी ट्रॅक्टरवर बसून आली. बाज, भांडी, आणि मांडीवर एक मडकं, त्यात जुन्या गावचं काळ्या कुसाचं धान, राख लावून ठेवलेलं. मडकं तिनं कोणाच्या हातात दिलं नाही. त्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि तिचं घर गेलं. मॅडम तिला सांगायला घाबरत होत्या. ती म्हणाली, "ठाऊक हाय मले. पऱ्हे रोवनीले आले, तू पानी सोड." आणि सातवीच्या पोरांना हातात त्या कोवळ्या रोपांच्या जुड्या देऊन चिखलात रांगेनं उभं करून मागे सरकत सरकत रोवणी शिकवली. माझ्या शिट्टीला कधी एवढी सरळ रांग लागली नाही.

दोन पिकं तिनं स्वतः काढली. तिसऱ्या वर्षी लोंब्या पिकत आल्या असताना गेली, झोपेतच. बुद्धवंदना झाली, नव्या गावठाणात तोवर मयती कमीच झाल्या होत्या, म्हणून जुन्या गावचे सगळ्या गल्ल्यांतले लोक आले. परतताना मॅडम माझ्या बाजूनं चालत होत्या. मला वाटलं, काही समजुतीचं बोलावं. त्यांनीच सुरुवात केली.

"मायले वाटे ती निघणारी आहे. मले वाटे मी तरी पोहोचणारी. पण सर, निघणारं कोणी नाही अन् पोहोचणारंही कोणी नाही. पृथ्वीवरही सगळे मधलेच." मग चष्मा मनगटानं वर केला आणि म्हणाल्या, "आठवड्यात कापणी घ्यावी लागेल. पायलची बॅच गेली, नव्या सातवीले विळा धरता येत नाही."

मी म्हटलं, "येतो मी." आणखी काय म्हणणार?

यंदा त्या निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. हेडमास्तर रडले. मीही रडलो, लपवत नाही. मॅडमनी भाषण केलं नाही, फक्त नव्या सातवीच्या हातात मायचं मडकं दिलं आणि कोणी ते घरी नेऊन लाडू भरून ठेवू नका अशी ताकीद दिली. मग मला म्हणाल्या, "सर, उद्या वरठी स्टेशनवर सोडाल का? लेकीकडे चालली."

"किती दिवस?"

"आता तिकडेच."

सकाळच्या गाडीला मी त्यांना घेऊन गेलो. पूर्ण रस्ता मागून सूचना. "हळू सर. पुढं खड्डा आहे सर. हॉर्न द्या सर." रिकामा रस्ता, आणि मी हॉर्न देत चाललोय! वरठीला गाडी आली. खिडकीजवळची जागा मिळाली. बॅग वर टाकून मी खाली उतरलो, तर त्यांनी खिडकीच्या गजांतून मूठ बाहेर काढली आणि उघडली. तळहातावर कागदाच्या दोन पुड्या. एकीत मायचं काळ्या कुसाचं धान. जावयाची बांधी आहे तिकडे, या पावसाळ्यात पेरणार होत्या. दुसरी पुडी त्यांनी थोडीशी सोडून दाखवली. लाखोरीचा एकच दाणा.

"हा काहून?" मी विचारलं.

"अहो सर, इकडे झेंड्याखाली सूर्य ठेवला, तिकडे तारा कोणी ठेवलाच नाही ना अजून! कोणीतरी पोहोचलं पाहिजे." गाडी हलली. मी सोबत दोन-चार पावलं चाललो. त्यांनी चष्मा मनगटानं वर केला, मूठ घट्ट मिटली आणि ओरडल्या, "पऱ्ह्याले पाणी द्याल सर! अन् फक्की वापरा आता मनसोक्त!"

गाडी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभा होतो.

परतताना शाळेच्या गेटाशी आलो. दिगांबरनं ठेल्यावरूनच आवाज दिला, "मास्तर, सोडून आले का म्याडमले? कुठवर गेल्या असतीन आता?"

मी गाडी बंद केली. त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं.

"तुह्या ठेल्याच्या पुढं गेल्या, बे."